अव्वाचा आवाज वर येत नाही

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
४ डिसेंबर २००६

ती. अक्कास वीरेशचा शरणु.

सौंदर्याला मुलगी झाली, फार आनंद झाला. माझी थोरली बहीण आजी झाली म्हणजे मीही म्हाताऱ्यांत जमा. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना? दाजींच्या उसाला तोड आली का? टोळीवाले यंदाही नखरे करत असतील. इकडे तुझी भावजय गिरिजा बरी आहे. पाय दुखतात म्हणते आणि दिवसभर उभीच असते. दुकानात आता कॅसेट कुणी विकत घेत नाही. लोक घरातल्या जुन्या कॅसेटी आणतात आणि सीडीवर घालून मागतात. वीस वर्षं गाणी भरली, आता तीच उपसून काढतोय.

रविवारी सतरा तारखेच्या बारशात अव्वाचे पाळणे लावायचे म्हणालीस, ते काम हातात घेतलंय. पण आपली आई कुणाचं सरळ ऐकते होय? कॉम्प्युटरलाही दाद देत नाही. तू सांगितलेली सनई आधी घातली आहे. ती वाजते तेव्हा दुकानाच्या काचा थरथरतात, आणि पाठोपाठ अव्वा आली की स्पीकरला कान लावावा लागतो. टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं, वायर बदलली, काही फरक नाही. सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीला आणायची सोय असते, नॉर्मलाइज म्हणतात. ते तीनदा केलं. कॅसेटची पहिली बाजू छान वर आली, चारही पाळणे खणखणीत. दुसरी बाजू जिथल्या तिथं.

काल कारण सापडलं. हा प्रोग्राम फाइलमधला सगळ्यात मोठा आवाज शोधतो आणि तो छताला टेकेपर्यंतच बाकीचं वर उचलतो. दुसऱ्या बाजूला अकराव्या मिनिटाला एक आवाज आधीच छताला टेकलेला आहे. त्यामुळं अव्वाला वर यायला जागाच उरत नाही. दुकानाचं शटर आदळलं असावं. तेवढं कापतो.

पाळणा पुढं अर्धवटच आहे. टेप संपली होती, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. सीडी आठवड्यात पाठवतो. लग्नसराईमुळं बारशाला येणं जमेलसं दिसत नाही.

तुझा भाऊ,
वीरेश

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
१० डिसेंबर २००६

ती. अक्का, शरणु.

सोबत सीडी आहे. ती लावण्याआधी हे वाच. फोनवर सांगणार होतो. दोनदा लावला, तू "बोल" म्हणालीस आणि मी उसाचं विचारलं.

ते शटर नव्हतं. तो मी आहे.

सत्त्याण्णवच्या श्रावणातली गोष्ट. "सौंदर्याच्या पोराला बघायला मी काय ऱ्हात न्हाय, आवाज तेवढा भरून ठेव," असं अव्वानं माझ्यामागं टुमणं लावलं होतं. चांगला टेप दुकानातच, म्हणून दुपारी तिला तिथं बसवलं. गल्लीतल्या बारशाला जायची तशी नेसून आली होती. तिनं पाळणा सुरू केला की मधे थांबायची सवय नव्हती, हे तुला ठाऊक आहे. एकेक पाळणा दहा-बारा कडव्यांचा. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला तासाभरात गाणी भरून हवी होती, आणि तो अव्वाकडं बघून हसत होता. मला लाज वाटली. अव्वाची नाही, त्याच्या हसण्याची, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. अव्वाचीच वाटली.

"बास कर की अव्वा आता! तुझं रडगाणं कोण ऐकणार हाय? मशीन मोकळं कर!" असं ओरडलो. ती उठली आणि गेली. टेप अजून अर्धी शिल्लक होती.

त्यानंतर कुठल्याही बारशाचं बोलावणं आलं की गुडघे दुखतात म्हणायची. चार महिन्यांत गेली. मातीला आलीस तेव्हा तू विचारलंस, अव्वा गायची का बंद झाली होती? मी खोकल्याचं सांगितलं. तू ते मानलं नाहीस. तेव्हापासून आपलं बोलणं उसावर आणि तब्येतीवर आलंय. चांगली कॉपी करून देतो म्हणून कॅसेट ठेवून घेतली आणि एकदाही लावली नाही. तुझ्याकडं असती तर गेल्या वर्षीच्या पुरात गेली असती, अशी मनाची समजूत काढायचो. बघ, माणूस कशाकशाचा आधार घेतो.

मंगळवारी माझा आवाज कापला आणि पुन्हा नॉर्मलाइज केलं. अव्वा वर आली, अक्का. टेपची खरखरही आली तिच्याबरोबर, पण ती कशी आली म्हणून सांगू, बांगड्यांसकट आली. आणि जिथं रेकॉर्डिंग संपलं असं मी धरून चाललो होतो, तिथं ती बोलत होती. मशीन बंद करायचं तिला माहीत नव्हतं. मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो आणि ती हळू आवाजात तुला सांगत होती:

"दानव्वा, ह्यो सकाळधरनं उपाशी हाय, म्हणून वराडतोय. तू मनावर घिऊ नगंस. शेवटचं कडवं ऱ्हायलं बघ. त्यात बाळाचं नाव घालायचं असतंय. ते तू म्हण."

अक्का, मी उपाशी नव्हतो. तिनंच सकाळी भाकरी वाढली होती. तिला ते माहीत होतं.

मी हेडफोन काढला आणि दुकानातच रडलो. गिरिजा डबा घेऊन आली होती. तिनंही ऐकलं. मग म्हणाली, "अक्कांना सांगून टाका की एकदाचं. त्यांच्यासाठीच बोलल्यात त्या. तुम्ही कोण दडवणारे?" तुझा निरोप नऊ वर्षं माझ्या खणात पडून होता, आणि मी तो कधी ऐकलाही नाही. मला माफ कर असं लिहायलाही हात धजत नाही.

सीडीवर दुसरी बाजू दोनदा घातली आहे. आधीची माझा आवाज काढलेली, फक्त पाळणे. ती बारशात लाव. तिच्यानंतरची आहे तशी आहे, माझ्या ओरडण्यासकट. पुढचं अव्वाचं बोलणं तेवढं वेगळं वर उचललंय, कान लावावा लागणार नाही. ती एकटी असताना ऐक. दाजींना, सौंदर्याला सांगायचं की नाही, तू ठरव.

लग्नसराईचं मी खोटं लिहिलं होतं. दुकान एक दिवस बंद ठेवलं तर कुणाचं अडत नाही. तुझ्यापुढं उभं राहायची भीती होती. पाळणा सीडीवर जिथं थांबेल, तिथून पुढचं तुलाच म्हणायचंय. ऐकून झाल्यावर वाटलं तर ये म्हण. बायकांच्या मागं कुठंतरी बसेन, आणि शेवटचं कडवं पुरतं ऐकून मगच उठेन.

अव्वाचा आणि तुझा अपराधी,
वीरेश