नव्या रायफलीची आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, सौ. सुचित्रा चारुदत्त उकिडवे, वय त्रेपन्न, राहणार गॉलवे, मोजमापं तपासणारी इंजिनिअर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली नसताना, पण कमालीच्या वैतागात हे मृत्युपत्र लिहिते. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. कोविडमुळे तारीख दोनदा पुढे गेली. बसवत नाही, झोपवत नाही, म्हणून लिहायला घेतलं. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर आणि बँकेतलं सगळं माझा नवरा चारुदत्त याला. त्याने नुसत्या खिचडीवर दिवस काढू नयेत.

२. माझी मोजमापाची हत्यारं प्लांटमधल्या नव्या मुलींना. सहकारी विनय याला एकही देऊ नये. माझा मायक्रोमीटर त्याने कॉफीचे डाग पाडून परत केला, वर म्हणतो, "एवढं काय त्यात!" एवढं आहे त्यात.

३. रायफल. हे कलम नीट वाचावं. शेजारी पॅड्रिग फॉलन याची कोवळी झाडं हरणं फस्त करतात. नागपुरात कॉलेजात असताना एनसीसीत माझा नेम पक्का होता, म्हणून त्याच्या रानासाठी मी परवाना काढून यंदा नवी रायफल घेतली. परवान्याशिवाय ती कोणाला ठेवता येत नाही. माझी मुलगी रेवा हिने स्वतःचा परवाना काढलाय. तरी गेल्या आठवड्यापर्यंत माझं ठरलं होतं, की मी गेले तर रायफल दुकानात परत जाईल. जिचा नेम जागेवर नाही ती वस्तू पोटच्या पोरीला द्यायची? अर्धवट लागलेलं हरीण झुडपात तडफडत राहतं. ते पाप रेवाच्या माथी नको.

दसऱ्याआधी सगळं ठीक होतं. दुर्बीण बसवली, पॅड्रिगच्या कुरणात शंभर मीटरवर कागद लावला. डॉक्टरांनी मला रायफलीचा धक्का खायला बंदी केलेली, म्हणून रेवा बार काढी आणि मी घडीच्या खुर्चीतून हुकूम सोडी. तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागत. खंडेनवमीला चारूने, जो अंडंही खात नाही त्याने, रायफल पाटावर मांडून पूजा केली. हळदकुंकू, फुलं, अक्षता. "माझ्या बायकोला सांभाळ," असंही तिला म्हणाला.

पुढच्या शनिवारी गोळ्या वीतभर फाकल्या. मी दुर्बिणीचे स्क्रू पुन्हा आवळले, काडतुसं बदलली, दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. मग रेवावर घसरले. "श्वास धरतेस की नाही गं?" "आई, इट्स नॉट मी!" म्हणून ती रडली, आणि तशीच परत गवतात पालथी पडली. तीन शनिवार हेच.

परवा तिनेच नळी आणि लाकडी दस्ता यांच्या फटीतून कागदाची पट्टी ओढली. नळी कुठेही टेकता कामा नये. पट्टी मधेच अडली, आणि बाहेर काय यावं? कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे! नळी तापली की त्यांच्यावर रेलायची. अगं बाई, किती हसलो आम्ही. नंतरच्या तीन गोळ्या पुन्हा नाण्याखाली. तिचा हात माझ्याहून सरस आहे. लिहिताना जड जातं, पण खरं आहे.

म्हणून रायफल रेवाला. खात्री नसेल तर तिने बार काढू नये, हरीण जाऊ द्यावं. मी परत आले तर रायफल माझी.

४. शेवटचं. मी तयार-बियार काही नाही. मला मरायचं नाही. रेवा पहिल्या हरणावर नेम धरेल तेव्हा मला तिच्या शेजारी ओल्या गवतात पडून राहायचंय, तोंड बंद ठेवून. माझं काही बरंवाईट झालं तर "शांतपणे गेली" असं कोणी म्हणू नये. ते खोटं असेल.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून, साक्षीदार कोविडमुळे बाहेर अंगणात उभे राहून काचेतून बघत असताना सही केली. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही, अशी पॅड्रिगची तक्रार आहे.

सही: सुचित्रा चा. उकिडवे
साक्षीदार: १. पॅड्रिग फॉलन, शेतकरी २. मृणालिनी गोंधळेकर, मैत्रीण
स्थळ: गॉलवे
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२०