आकसेलची लाल बाटली

ती. गुडरुनताईस धाकट्या प्रेबेनचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील आणि मांजराने नवा सोफा अजून फाडला नसेल, अशी आशा. मी जिवंत आहे. (हे मुद्दाम लिहिलं, कारण मंगळवारी माझी तशी खात्री नव्हती.)

आधी एक सांगतो, रागावू नकोस. तुझी भावजय लोना गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मी उदासीवरची गोळी घेतो. पहिले सहा आठवडे काही फरक नव्हता. मग एका सकाळी मी आपणहून पडदे उघडले, मासा तळला आणि चक्क खाल्ला. तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही. गोळ्यांबरोबर आलेला सूचनांचा लांबलचक कागद मात्र डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल आता अगदी स्थिर आहे.

तर शेजारच्या आकसेलने सांक्त हान्सच्या, म्हणजे जूनमधल्या होळीआधी घरचा कडक श्नाप्स आणला. बांधावरची पिवळी फुलं त्या दारूत वर्षभर बुडवलेली, रंग लालभडक. घरच्या श्नाप्सला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या आईला नावं ठेवणं. शिवाय आकसेल म्हणाला, "अरे, झाडपाला आहे, मन हलकं होतं!" माझं मन गोळीने हलकं झालेलं आहे, हे त्याला कसं सांगू? आमचं सगळं बेट संध्याकाळपर्यंत बोललं असतं. प्यायलो. आठवडाभर, रोज दुपारी हेरिंग माशाबरोबर.

मंगळवारी हात थरथरू लागले, घामाने शर्ट भिजला, छाती धडधडायला लागली. वाटलं, लोना बोलावतेय. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय घेता? मी गोळी सांगितली, खोकल्याचं औषध सांगितलं, टाचेचं मलमसुद्धा सांगितलं. श्नाप्स नाही सांगितला. (तो घेतात का कुणी? तो शेजारी पाजतात.) शेवटी धाप लागून पुटपुटलो, आकसेलची फुलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ती फुलं आणि माझी गोळी एकत्र म्हणजे विषाची परीक्षा, दोन्हींचा परिणाम एकावर एक चढतो! मी घाबरून म्हणालो, मग गोळ्याच सोडतो. "खबरदार! मला विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही." रात्रभर ठेवून घेतलं. आता ठीक आहे. आकसेललाही सगळं सांगितलं; तो म्हणाला, "आधी बोलायचंस ना, गाढवा."

तुझा,
प्रेबेन

ता. क. काल फोनवर "बाटली उघडू नकोस!" एवढंच ओरडून ठेवून दिला, त्याचं कारण हे. आकसेलने तुलाही एक टपालाने पाठवली आहे.

ता. क. २. इस्टरला तुझ्या न्हाणीघरात जखमेची पट्टी शोधताना माझ्या गोळ्यांसारखीच डबी दिसली, तुझ्या नावाची. एखादा घोट घेतला असशील तर आत्ताच तुझ्या डॉक्टरांना फोन कर. आणि भीतीने गोळ्या फेकू नकोस. ताई, किती वर्षं घेतेयस? तेव्हा चार दिवस आपण समोरासमोर बसून नुसतं पावसाबद्दल बोललो.