नव्या डब्यात जुनी सिस्टीम

७ फेब्रुवारी
कॉम्प्युटर गेला. आधी टक् असा आवाज, मग जळका वास, मग काळा पडदा. इतक्या वर्षांची सोबत. जाता जाता निदान फाइल सेव्ह करू द्यायची.
वेळ वाईट. शाळेच्या नव्या इमारतीच्या सगळ्या पाट्या आपल्याकडे आहेत. मुख्याध्यापिका, ग्रंथालय, प्रयोगशाळा, स्वच्छतागृह, सगळं. उद्घाटन महिनाअखेरीला. अक्षरं कोरणारं मशीन ठणठणीत आहे, पण ते फक्त जुन्या सिस्टीमवरच्या प्रोग्रामचंच ऐकतं. एकनिष्ठ आहे. काही माणसांना हे जमत नाही.
काही माणसं म्हणजे धाकटा. सख्खा भाऊ. दुकानातून वेगळा झाला आणि थेट समोरच्या फुटपाथवर लेझर मशीनचं दुकान थाटून बसला. म्हणे, दादा, नवीन मशीन घेऊ या असं किती दिवस सांगतोय, तू उत्तरच देत नाहीस. उत्तर न देणं म्हणजे विचार चालू असणं, एवढंही त्याला कळलं नाही.
आज धूर बघून रस्ता ओलांडून आला. मजा बघायला. हातात आग विझवायचं सिलिंडर. नाटकी माणूस.
ठराव: शाळेची एकही पाटी त्याच्याकडे जाणार नाही. मेलो तरी.

८ फेब्रुवारी
नवा कॉम्प्युटर आणला. काळा, चपटा, आतून निळे दिवे. दुकानाला नाही, डिस्कोला शोभेल असा.
विकणाऱ्याला सांगितलं की यावर आमची जुनी सिस्टीम टाकायची आहे. तो म्हणाला, काका, नाही व्हायचं, हे हार्डवेअर नवीन आहे, जुनी सिस्टीम याला ओळखतसुद्धा नाही. म्हटलं, मी ओळख करून देतो. त्यावर तो हसला. मोठ्याने हसला असता तर सोडून दिलं असतं. बारीक हसला.
बघून घेईन. सिस्टीम चालू झाली की हा डबा उचलून त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवणार. बोलणार काही नाही. बारीक हसणार.
ओरिजिनल सीडी सापडली. एक ओरखडा नाही. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

९ फेब्रुवारी
नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही. चारी बाजूंनी बघितलं. खालूनही.
हा निव्वळ खोडसाळपणा आहे.

१० फेब्रुवारी
बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. दुसऱ्या दुकानातून. त्या हसऱ्याला आनंद मिळता कामा नये.
सीडी गरगर फिरते. कॉम्प्युटर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सरळ स्वतःची नवी सिस्टीम चालू करतो आणि मला सुप्रभात म्हणतो. संध्याकाळी चार वाजता.
लेक म्हणाली, बाबा, नवी सिस्टीम छान आहे की, माझा प्रोजेक्ट किती भराभर होतोय त्यावर. तिचा कॉलेजचा शेवटचा प्रोजेक्ट आहे. म्हटलं, कर, दोन दिवस कर.

१२ फेब्रुवारी
शत्रूच्या गोटात शिरलो. चालू करताना एक बटण दाबत राहिलं की आतल्या सेटिंगचं पान उघडतं. तिथे सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी बसलेला आहे. जुन्या सिस्टीमला दारातूनच हाकलतो. त्याला बंद केलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? म्हटलं, नक्की.
आणि निळा पडदा आला! तोच जुना, साधा, पांढऱ्या अक्षरांचा! डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, अहो, जवळून बघू नका इतकं.
काचेतून धाकट्याच्या दुकानाकडे बघितलं. त्याने हात केला. मी केला नाही.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
निळ्या पडद्यावर कराराचं पान आलं. मान्य असल्यास एफ-आठ दाबा. दाबलं. पुन्हा दाबलं. अंगठ्याने दाबलं. मुठीने दाबलं.
जुन्या सिस्टीमला नवा कीबोर्ड दिसत नाही. मी सगळं मान्य करायला तयार आहे आणि ऐकायला समोर कोणी नाही. लग्नानंतर प्रथमच असं झालं.
हे बायकोला वाचून दाखवायचं नाही.

१४ फेब्रुवारी
माळ्यावरून जुना, गोल पिनेचा कीबोर्ड काढला. नव्या डब्याच्या पाठीमागे एक गोल भोक निघालं. कंपनीत कोणीतरी एक भला माणूस शिल्लक असावा. एफ-आठ लागलं!
पुढचं पान: हार्ड डिस्क सापडत नाही.
म्हणजे ज्यात राहायला आलीय ते घरच हिला दिसत नाही.
मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. पाट्या कुठवर आल्या? म्हटलं, अंतिम टप्प्यात. त्या म्हणाल्या, बघायला येऊ का? म्हटलं, सरप्राइज राहू द्या.

१७ फेब्रुवारी
आपल्यासारखे जिद्दी लोक जगात आहेत. इंटरनेटवर एका गृहस्थाने जुन्या सिस्टीमला नव्या डिस्क दिसाव्यात म्हणून खास ड्रायव्हर बनवलाय. खाली लोकांनी त्याला आशीर्वाद दिलेत. काहींनी शिव्या दिल्यात, पण यशस्वी माणसाला असूया सोसावी लागतेच.
ड्रायव्हर घालून नवी सीडी बनवायची. त्यासाठी समोरच्या लेझरवाल्याकडे चांगला कॉम्प्युटर आहे. तिकडे जाणार नाही. सायबर कॅफेत गेलो. पोराटोरांच्या मध्ये बसलो. कोणी उठून जागा दिली नाही. बघून घेईन.

१८ फेब्रुवारी
डिस्क दिसली!
सिस्टीमने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू? एफ-आठ न दिसणाऱ्या आंधळीने आता तरी काही विचारलं याचाच आनंद झाला. म्हटलं, पूस. नव्या सिस्टीमचा मागमूस ठेवू नकोस. सुप्रभात म्हणते काय!

१८ फेब्रुवारी, दुपार
लेकीचा प्रोजेक्ट डिस्कवर होता.
मी तिला समजावलं की युद्धात नुकसान होतं. ती म्हणाली, बाबा, कुणाशी युद्ध? मी नावं सांगायला सुरुवात केली. ती ऐकायला थांबली नाही.
बायको दिवसभर फक्त हो, नाही आणि ठेवलंय एवढंच बोलली.

१९ फेब्रुवारी
लेक सकाळपासून समोर, काकाच्या दुकानात. तिथे बसून प्रोजेक्ट पुन्हा लिहितेय. काकूने तिच्यासाठी टेबल मोकळं करून दिलं. काचेतून स्पष्ट दिसतं.
आधी दुकान फोडलं, आता पोरगी फोडली. हे मी विसरणार नाही. शाळेच्या पाट्या अशा करीन की लेझरवाल्याने फुटपाथवर उभं राहून टाळ्या वाजवाव्यात. आणि तेव्हा मी पाठ फिरवीन.

२१ फेब्रुवारी, सकाळी अकरा
चालू झाली!! चालू झाली!!
पडदा थोडा मोठा दिसतो. एका वेळी चारच आयकॉन मावतात. रंग जरा आजारी. आवाज नाही, इंटरनेट नाही, माउस नाही, सगळं कीबोर्डवर करायचं. पण चालू आहे. पाट्यांचा प्रोग्राम सिस्टीमच्या सीडीतच घालून ठेवला होता, तोही आत आला आणि उघडला. ग्रंथालय असं टाइप केलं. ग्रंथालय असं उमटलं.
आता आधी सूड, मग काम.

२१ फेब्रुवारी, दुपार
डबा, स्क्रीन, कीबोर्ड असं सगळं रिक्षात घालून हसऱ्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर मांडलं. चालू केलं. बोललो नाही. बारीक हसलो.
तो खरंच चकित झाला. गिऱ्हाईक सोडून आला. कीबोर्ड हातात घेऊन बघितला. म्हणाला, काका, मानलं तुम्हाला, आम्हीसुद्धा हात लावला नसता. आतून आपल्या मुलाला बोलावून दाखवलं. आयुष्यातला उत्तम क्षण.
मग डबा उलटा फिरवून म्हणाला, काका, तुमच्या मशीनची वायर कुठली?
मी सांगितलं, रुंद, पंचवीस पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू.
तो म्हणाला, ती कुठे लावणार?
मी पाठीमागे बघितलं. त्याने टॉर्च दिला. टॉर्चने बघितलं.
जागा नाही. तसली पिन आता कोणी देतच नाही म्हणे. कन्व्हर्टर मिळतो, पण तो यूएसबीत लागतो, आणि या सिस्टीमला यूएसबीच दिसत नाही.
या वेळी तो हसला नाही. हे फार लागलं. चहा मागवला. मी नको नको म्हणत प्यायलो.

२२ फेब्रुवारी
दुकान उघडलं नाही. प्रकृती.

२३ फेब्रुवारी
मशीनची वायर कापून नवी पिन जोडता येईल का, असा विचार करत कात्री घेऊन बसलो होतो. बायकोने कात्री काढून घेतली. म्हणाली, अहो, आता मी बोलते. बोलली. बरंच बोलली. सारांश: शाळेला खरं सांगा, नाहीतर मी सांगते.
मी म्हटलं, अजून एक उपाय आहे. ती म्हणाली, कोणता? मी म्हटलं, विचार चालू आहे.
ती चप्पल घालून बाहेर पडली. रस्ता ओलांडताना दिसली. मी काचेपासून बाजूला झालो.

२४ फेब्रुवारी
सकाळी धाकटा आला. खांद्यावर पोतं. मला वाटलं, पाट्यांचं सामान न्यायला आला. दारात आडवा उभा राहिलो. तो म्हणाला, दादा, सरक, हात भरून आलाय.
पोत्यात जुना कॉम्प्युटर. तो वेगळा होताना घेऊन गेला होता तो. मला वाटलं भंगारात घातला असेल. म्हणाला, टाकवला नाही, यावर तूच मला काम शिकवलं होतंस.
मी म्हटलं, धूळ किती बसलीय.
मांडी घालून जमिनीवर बसला, पंचवीस पिनांची वायर लावली, दोन्ही स्क्रू फिरवले. मशीन गुरगुरलं. लबाड. मलाच एकनिष्ठ असल्याचं भासवत होतं.

२६ फेब्रुवारी
दोन दिवस तो इथेच. त्याच्या दुकानात काकू आणि लेक. मी कोरतो, तो घासून पुसून ठेवतो. काल मी घाईत प्रयोगशाळेतली शाळा दोनदा कोरली. त्याने नुसती पाटी वर धरली. आम्ही दोघेही हसलो. मी आधी थांबलो.
ठराव: काम झाल्यावर आभार मानायचे नाहीत. इतक्या वर्षांच्या गद्दारीचा हिशेब तिथे चुकता होईल. चेहरा कोरडा ठेवायचा, मान दुसरीकडे करायची. त्याला झोंबलं पाहिजे.

२७ फेब्रुवारी
पाट्या पोचल्या. मुख्याध्यापिकाबाई खूश. लेकीचा प्रोजेक्टही कॉलेजात जमा झाला. नव्या डब्यात हसऱ्याने पुन्हा नवी सिस्टीम घालून दिली. चहा संपायच्या आत.
संध्याकाळी धाकटा निघाला. मी ठरल्याप्रमाणे चेहरा कोरडा ठेवून, मान कॅलेंडरकडे करून उभा राहिलो. बराच वेळ. मागे वळलो तर दार उघडं आणि तो रस्त्यापलीकडे पोचलेला, शटर वर करत होता. गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणे. आभार मानले नाहीत हे त्याच्या लक्षातच आलं नाही.
आता उद्या त्याच्या दुकानात जाऊन ते नीट सांगावं लागेल.