दोन श्रावणांचं वर्ष

सर, उद्या संध्याकाळी मला तुमच्यावर वीस मिनिटं बोलायचं आहे. तुम्ही गेल्यापासून मुलुंडच्या त्या सभागृहात दरवर्षी तुमच्या नावाचं व्याख्यान होतं आणि यंदा पहिल्यांदा मला बोलावलंय. परवा तुमच्या मुलीचा फोन आला होता. "ताई, बाबांच्या आठवणी सांगा हं, नुसतं मशीनबद्दल नको. आई पहिल्या रांगेत असेल," असं म्हणाली. मी बरं म्हटलं. आठवणच सांगणार आहे मी, पण ती भांडुपच्या त्या बाईची. तुम्ही असता तर मला सांगू दिली नसतीत, म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे. तुमच्यासमोर मी कधी सलग तीन वाक्यं बोलले नाही. आज सगळं बोलून घेणार आहे.

तुमचं सोनोग्राफी सेंटर पहिल्या मजल्यावर होतं. खाली चष्म्याचं दुकान आणि जिन्यात कायम फिनेलचा वास. दिवसाला चाळीस बायका यायच्या. तुम्ही मशीनसमोर बसायचात आणि मी, तुमच्याकडे शिकायला आलेली नवी डॉक्टर, शेजारच्या स्टुलावर फॉर्म भरत बसायचे, नाव, वय, पत्ता, शेवटच्या पाळीची तारीख. जेलीची बाटली तुम्ही गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवायला लावायचात. पोटावर गार जेली पडली की बाई दचकते, दचकली की श्वास धरते, आणि मग चित्र नीट येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. माझ्या तपासणीच्या खोलीत अजून तसंच भांडं आहे. कधी पोटावर फिरवायचा प्रोब माझ्या हातात द्यायचात आणि माझा हात हलला की म्हणायचात, "हळू गं, लग्नाचे फोटो काढतेयस का?" आणि टेबलावरची बाईसुद्धा हसायची. तुमच्या हाताला जे दिसायचं ते आम्हाला पुस्तकं वाचूनही दिसत नव्हतं. हे सगळं उद्या मी सांगेनच, आणि ते खरं आहे.

पण त्या खोलीचा एक नियमही होता. आपली शंका आपल्यापाशी ठेवायची. बाईला चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही, आणि खोलीबाहेर जाईल ते उत्तरच गेलं पाहिजे. मी पहिल्याच महिन्यात एका बाईला "नक्की सांगता येत नाही" म्हणाले होते. तिच्यासमोर तुम्ही काही बोलला नाहीत. ती गेल्यावर म्हणालात, "नक्की सांगता येत नसेल तर घरी बस. माहीत नाही म्हणायला त्यांना डॉक्टर कशाला लागतो?" त्यानंतर मी गप्प राहायला शिकले. मुळात अबोल होतेच, ते तिथे गुण म्हणून खपून गेलं.

त्या वर्षी दोन श्रावण होते, आधी अधिक आणि मग निज. भांडुपची ती बाई पितृपक्षात आली. पंचवीस-सव्वीसची, मूळची कोकणातली. सासरा गिरणी बंद झाल्यावर वॉचमनची नोकरी करत होता. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते. थोडा रक्ताचा डाग दिसला म्हणून तिच्या डॉक्टरने आपल्याकडे पाठवलं होतं. मी तारीख विचारली. ती म्हणाली, "दुसऱ्या श्रावणी सोमवारी आली पाळी. पूजेचं ताट मांडून ठेवलेलं, देवाला हात लावता आला नाही. म्हणून तर लक्षात आहे." भिंतीवर कॅलेंडर होतं. मी पानं उलटली, जिथे पहिल्यांदा श्रावण दिसला तिथला दुसरा सोमवार धरला आणि तारीख लिहिली. तुमच्या गोल चकतीवर आठवडे मोजले. दहा आले.

पडद्यावर दहा आठवड्यांचं काही नव्हतं. लहानशी काळी पिशवी होती आणि आत रिकामं होतं. गर्भ नाही, ठोके नाहीत. तुम्ही पोटावरून पाहिलंत, मग आतून पाहिलंत. तुमचा हात तेव्हाही तितकाच हलका होता. मग फॉर्मकडे पाहून मला म्हणालात, "वाढ थांबलीय. लिही." ती बाई मान उचलून म्हणाली, "पण सर, आत्ताच तर आठ दिवस वर गेलेत माझे." हे वाक्य मी आजवर मनात किती वेळा ऐकलं असेल, सर. तुम्ही म्हणालात, "तारीख तर तूच सांगितलीस ना?" तारीख तिनेच सांगितली होती, मग ती काय बोलणार? दहा आठवडे आणि फक्त आठ दिवस वर, हे जुळत नव्हतं. पण शंका आपल्यापाशी ठेवायची होती. मी लिहिलं, तुम्ही सही केलीत, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरने क्युरेटिंग करून टाकलं.

पंधरा दिवसांनी दुपारच्या चहाला आपल्या साफसफाईच्या मावशी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुसत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, यंदा दोन श्रावण आले, पण उपास मात्र एकाच श्रावणाचे. मी विचारलं, म्हणजे? त्या हसल्या. "अगो, अधिकात खंय सोमवार धरतत? निजातच धरतत. तुमच्यात नाय ना, म्हणान तुका ठावक नाय." माझा कप हातातच राहिला. ती बाई निज श्रावणातला सोमवार सांगत होती आणि मी अधिकातला लिहिला होता. दहा नाही, जेमतेम पाच आठवडे झाले होते. पाच आठवड्यांना पिशवी तशीच दिसते, लहान आणि आत रिकामी. पुढे तिच्यात काही दिसलं असतं की नसतं, हे कुणीच सांगू शकणार नाही. ती गर्भधारणा तशीही टिकली नसती, असंही असेल. दहा दिवस थांबलो असतो तर कळलं असतं, आणि आपण दहा दिवस थांबलो नाही.

त्या संध्याकाळी शेवटची पेशंट गेल्यावर मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही बेसिनपाशी उभे होतात आणि बराच वेळ हात धुत राहिलात. मग टॉवेल दांडीवर नीट पसरलात आणि म्हणालात, "तुझ्या घरी श्रावण पाळत नाहीत, हे मी लक्षात ठेवायला हवं होतं."

या एका वाक्यावर मी आयुष्याची इतकी वर्षं घालवली. कधी वाटायचं तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत, कधी वाटायचं तुम्ही मला माझी जागा दाखवलीत. आज त्याचा उलगडा करत बसणार नाही. फक्त तेव्हा जे म्हणायला हवं होतं ते म्हणते. हो सर, आमच्या घरी श्रावण नव्हता. घाटकोपरला आमच्या विहारात पावसाळाभर वर्षावास चालायचा, रोज संध्याकाळी वाचन व्हायचं, आणि माझे पालिकेत नोकरी करणारे वडील ड्युटीवरून येऊन मागच्या सतरंजीवर बसायचे. मला तुमचा महिना माहीत नव्हता. तारीख मी लिहिली, ती चूक माझी, आणि ती मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही. पण तुमच्या घरी पाळत होते ना श्रावण? तुमच्या डब्यात त्या सोमवारांना साबुदाण्याची खिचडी असायची. फॉर्म तुमच्या हातात होता, आणि ती बाई तुमच्याकडे बघून बोलली होती.

मी विचारलं, तिला सांगायचं का? तुम्ही म्हणालात, "सांगून काय होणार? तिचं दुःख वाढेल. झालं ते झालं." दुसऱ्या दिवशी तुमची ती आठवडे मोजायची चकती माझ्या स्टुलावर ठेवलेली होती. स्वतःसाठी तुम्ही नवी आणली होती. ती जुनी मला भेट दिलीत की चूक आठवावी म्हणून माझ्यासमोर ठेवलीत, तेही मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी ती परत आली. तुम्हाला आठवत असेल. या वेळी सगळं नीट होतं, पडद्यावर ठोके दिसत होते. तिने एकदा डोळे भरून पाहिलं आणि मग तुमच्याकडे नाही, माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, मागच्या वेळी माझंच काही चुकलं होतं का? सासू म्हणते, उपास करून करून पोर घालवलंस." तुम्ही पडद्यावरून नजर काढली नाहीत. मी "नाही" म्हणाले. एवढंच. पुढचं वाक्य तोंडात होतं, पण तुमचा हात प्रोबवर थांबलेला दिसला आणि मी ते गिळलं. पुढच्या महिन्यात मी तुमचं सेंटर सोडलं. तुम्हाला वाटलं अंधेरीच्या हॉस्पिटलात पगार जास्त म्हणून गेले. मी तसं वाटू दिलं.

आता माझं ऐका. माझ्या खोलीत एका तपासणीवर कुणाचीही गर्भधारणा थांबली असं लिहिलं जात नाही. शंका असेल तर मी बाईला म्हणते, मला आज माहीत नाही, दहा दिवसांनी या. दिवसातून दोन-तीनदा म्हणते. पहिल्या वर्षी व्यवस्थापनाने मला बोलावून सांगितलं, पेशंट दुसरीकडे जातायत. म्हटलं, जाऊ देत. पुढे जगभरातच थांबण्याचे नियम कडक झाले, मोजमापं बदलली, आणि मग माझी चेष्टा थांबली. पण मी त्या नियमांसाठी थांबले नव्हते. माझ्या फॉर्मवर शेवटच्या पाळीच्या तारखेखाली एक रकाना आहे, तारीख कशावरून आठवते? इतकी वर्षं मी हीच उत्तरं जमा करते आहे आणि तपासणीशी ताडून बघते आहे. ईदच्या आदल्या दिवशी. मोठ्याचा निकाल लागला तेव्हा. नणंदेच्या हळदीला. आमच्याकडे दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, कपडे धुता आले नाहीत, तेव्हा. एक वरिष्ठ मला म्हणाले होते, "हे संशोधन आहे की बायकांच्या गप्पा?" मी म्हटलं, गप्पाच आहेत, सर, त्या कुणी ऐकल्या नाहीत म्हणून संशोधन करावं लागतंय. तुम्हाला धक्का बसेल, पण मी हे भर मीटिंगमध्ये म्हणाले. बायकांना तारखा आठवत नाहीत, असं तुम्ही म्हणायचात. त्यांना आठवतात. आपल्याला त्या वाचता येत नाहीत.

गेल्या रविवारी मी भांडुपला गेले. फॉर्मवरचा पत्ता मी सेंटर सोडताना वहीत उतरवून घेतला होता. चाळीच्या जागी आता बिल्डिंग आहे आणि ती नवव्या मजल्यावर राहते. मुलगी कॉलेजला आहे. मी कोण ते सांगितल्यावर तिने ओळखलं, म्हणाली, तुम्ही फार कमी बोलायचात. मी तिला सगळं सांगितलं. दोन श्रावण, माझ्या हाताने लिहिलेली तारीख, पाच आठवडे. ती हातातली लसूण सोलायची थांबली नाही. मी संपवल्यावर म्हणाली, "म्हणजे उपासामुळे नव्हतं." मी नाही म्हटलं. "मी त्यानंतर एकही सोमवार धरला नाही," ती म्हणाली. "सासू मरेपर्यंत बोलत होती." मग, अगदी साध्या आवाजात, "दोन वर्षांनी मी आले होते ना? विचारलं होतं मी तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?" मी कुठलंही कारण बनवून सांगितलं नाही. ती मला माफ करते असं काही म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. निघताना मात्र विचारलं, मी हे डॉक्टरांसमोर सांगितलं तर चालेल का? ती म्हणाली, "सांगा. माझं नाव नका घेऊ, पण सांगा. त्यांना कळू दे."

म्हणून उद्या मी सांगणार आहे. तुमच्या पत्नी पहिल्या रांगेत असतील, तुमचा फोटो हार घालून टेबलावर असेल, आणि समोर शिकणाऱ्या मुली बसलेल्या असतील. त्यांच्यातली एखादी तरी माझ्यासारखी गप्प असेल. तुमचा हात, तुमची नजर, गरम पाण्यातली बाटली, सगळं सांगेन, आणि त्याच दमात हेही. जे मोठे होते ते चुकले आणि आम्ही ते लपवलं, हे कळल्याने तुमचं व्याख्यान लहान होत असेल तर होऊ दे.

हे पत्र अर्थात कुठे जाणार नाही. वाचून झालं की फाडेन. फक्त एक राहिलं. भांडुपला लिफ्टपर्यंत ती माझ्याबरोबर आली होती. दार उघडताना तिने विचारलं, "तुमच्या सरांना कळलं होतं का हो, नंतर?" इतकं सगळं तिला खरं सांगून मी तिथे उभी होते, सर. आणि मी म्हटलं, नाही, त्यांना कधीच कळलं नाही.