सेल कोणाच्या हातात

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. वर्गातल्या सगळ्या मुलांनी दिवा लावला, असं लिहिलं होतं. सगळ्यांनी नाही, एकवीस जणांनी. बाविसावी मुलगी भिंतीशी उभी होती.

गावात विजेचे खांब आलेत, तारा अजून नाहीत. म्हणून मी बॅटरीचा एक सेल, छोटा बल्ब आणि तारेचे दोन तुकडे घेऊन वर्गात गेले. लहानपणी तुम्ही मला चुलीजवळ बसवून हेच तीन जिन्नस दिले होते, दिवा लाव म्हणून. मी रडकुंडीला येऊन विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "म्या सांगतलं तं माह्यावाला दिवा लागन, तुह्यावाला नाही." तुम्ही पोळी खात बसलात. मी दुपारभर झगडले. तसंच मला वर्गात करायचं होतं. सेल हातोहात फिरू लागला, तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. "बाई, तिचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवतो आपण, अन् सेल कसा हाती देता? दिसते की तिले तिथून." आणि मी, बाबा, तिच्यापुढे केलेला हात मागे घेतला.

कोणाचाच बल्ब लागेना. बल्बला जोडलेल्या दोन्ही तारांची टोकं मुलं सेलच्या टोपीलाच लावत होती. भिंतीजवळून ती म्हणाली, "बाई, एक टोक बुडाले लावा नं. वीज वरूनच जाते अन् वरूनच येते, मंग फिरन कशी?" तसं केलं आणि दिवा लागला. मग एकेकाने लावला. मुख्याध्यापक खो खो हसले, "पाहा, दुरून बी शिकली का नाही!" हसताना पानाने लाल झालेले त्यांचे दात दिसले. त्यांनी सांगितलं म्हणून टाचणवहीत मी लिहिलं, ‘सर्व विद्यार्थ्यांनी प्रयोग केला.’ नंतर तेच तुम्हाला लिहिलं. त्या दातांपेक्षा मला माझ्या वळणदार अक्षराचीच जास्त किळस येते.

माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. शेरा मुख्याध्यापकच देणार. तरीही प्रयोग पुन्हा घेऊन सेल सगळ्यांच्या आधी तिच्या हातात देणार आहे, आणि वहीतलं ते वाक्य त्यांच्यासमोर खोडणार आहे. उद्या शनिवारी सकाळची शाळा असते, पण ते तालुक्याला जाणार आहेत. त्यांच्यामागे केलं तर ती चोरीच. ते उद्या नाहीत हे कळल्यावर मला हायसं वाटलं, हेही खरं. सोमवारी, पहिल्या तासाला.