सात नंबरच्या नळीत पाणी शिरले त्याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पूर्वी पंप दुरुस्त करणारा आणि गेली तीस वर्षे समुद्र मोजण्याची स्वस्त उपकरणे घरच्या घरी बनवणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी परवाच तपासले. हृदय कुरकुरते, पण डोके ठिकाणावर आहे, असे त्यांचे मत पडले. डोके ठिकाणावर नसते तर काही गोष्टी विसरता आल्या असत्या. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात धाकट्या बहिणीच्या वाट्याला 'आठवण म्हणून भिंतीवरचे घड्याळ' एवढी एकच ओळ होती. ती ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली, याची मला लाज वाटते.

कलम १. राहते घर माझ्या मुलाला. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. गच्चीवर मिठाच्या पाण्याची चार पिंपे आहेत, ती आधी रिकामी करावीत. खालच्या मजल्यावरचे शेजारी या पिंपांवरून माझ्याशी अकरा वर्षे भांडले. त्यांच्या छताला आलेली ओल माझ्या पिंपांचीच होती आणि मी ती पावसावर ढकलत आलो. त्यांचे छत माझ्या खर्चाने रंगवून द्यावे आणि म्हातारा खोटं बोलत होता असे त्यांना स्पष्ट सांगावे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलाला आणि सुनेला निम्मे निम्मे. सुनेचा वाटा मुद्दाम वेगळा लिहितो, कारण माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत. मुलाला माझा वाढदिवससुद्धा पाठ नाही. बापावर गेला आहे, दुसरे काय.

कलम ३. माझे ड्रिल मशीन कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला. मी पहिल्यांदा त्याच्याकडे प्लास्टिकचा पाइप आणि झाकणे मागितली आणि यातून समुद्राचे तापमान मोजायचे आहे असे सांगितले, तेव्हा त्याने विचारले होते, "का, ताप आलाय का त्याला?" हा विनोद त्याने तीस वर्षे प्रत्येक गिऱ्हाइकासमोर केला. पण पाइपला बारीकशी चीर असली तरी तो तुकडा त्याने मला कधी विकला नाही. विकत मिळणारे उपकरण एका मोटारीच्या किमतीला पडते आणि आमची नळी एका जोडी बुटांच्या. ती टिकली याचे निम्मे श्रेय त्याचे आहे.

कलम ४. कार्यशाळा, म्हणजे तळमजल्यावरची खोली, लांब टेबल, दाबाची टाकी, तयार असलेल्या बावीस नळ्या, सर्व आराखडे आणि तपासणीचे रजिस्टर हे सारे माझ्या धाकट्या बहिणीला. हे तिला बक्षीस म्हणून देत नाही. जे मुळात तिचेच होते ते परत करतो आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमच्या नळीत एक बॅटरी आणि तापमान लिहून ठेवणारी छोटी पट्टी असते. दोन्ही टोकांना झाकण, झाकणात ग्रीस लावलेले रबरी कडे. त्या कड्यावर एक केस अडकला तरी पाणी आत शिरते. एका बाजूच्या भोकातून वायर बाहेर येते आणि ते भोक चिकट इपॉक्सीने बुजवतात. नळी समुद्रात सोडण्याआधी तिच्यात टिश्यू पेपर घालून ती बारा तास दाबाच्या टाकीत ठेवायची. ही टाकी आग विझवायच्या जुन्या सिलिंडरची, तिला हातपंप जोडलेला. नंतर नळी उघडायची. कागद सुका निघाला तर रजिस्टरमध्ये 'कोरडा' असे लिहायचे. हा नियम बहिणीचा. एका झाकणात दोन कडी बसवायची युक्तीही तिचीच, जी आज माझ्या नावाने ओळखली जाते. आराखडे कोणालाही फुकट द्यावेत, मात्र पहिल्या पानावर तिचे नाव असावे.

कलम ५. हे कलम लिहायला मला तेवीस वर्षे लागली.

त्या साली आम्ही खाडीच्या तोंडाशी एका दोराला दहा नळ्या बांधून पाच महिन्यांसाठी सोडणार होतो. नऊ नळ्या टाकीत तपासून झाल्या. राहिली सात नंबरची. तेवढ्यात हातपंपाचा वॉशर फाटला. जादा वॉशर आणून ठेव, असे बहिणीने मला दोनदा बजावले होते आणि मी आणला नव्हता. होडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. तिचे बोलणे ऐकून घ्यायला नको म्हणून मी सात नंबरपुढे 'कोरडा' असे लिहून टाकले. कारण इतकेच. याहून मोठे कारण असते तर सांगायला तरी बरे वाटले असते.

पाच महिन्यांनी नऊ नळ्या ठणठणीत निघाल्या आणि सात नंबरची पाण्याने भरलेली. ती उघडायच्या वेळी संशोधन जहाजाचे मोहीमप्रमुख कार्यशाळेत आले होते. वर्षभराच्या सफरीवर उपकरणे सांभाळायला ते बहिणीला नेणार होते. तिने त्यासाठी शाळेतली विज्ञान-शिक्षिकेची नोकरी सोडली होती. मी झाकण काढले आणि एका क्षणात ओळखले. वायरच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उतरलेली होती. भोकाची आतली बाजू मी पॉलिश पेपरने घासलीच नव्हती, त्यामुळे इपॉक्सी सुटले होते. टाकीने हे बारा तासांत दाखवले असते.

प्रमुखांनी काय झाले असे विचारले. मी म्हणालो, "कड्यावर केस अडकलेला दिसतोय." एवढ्यावर थांबलो नाही. वाकलो, कड्यावरून काहीतरी चिमटीत धरल्यासारखे केले आणि बोटे पॅन्टला पुसली. चिमटीत काही नव्हते.

होडीवर झाकणे बंद करायचे काम बहिणीचे होते आणि तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "दादा, मी डोक्याला रुमाल बांधला होता."

मी म्हणालो, "एखादा निसटतोच."

प्रमुख सभ्य गृहस्थ होते, वावगे काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी सफरीवर जाणाऱ्यांची यादी आली, त्यात बहिणीऐवजी माझे नाव होते. नाही म्हणायला मला पूर्ण आठवडा मिळाला होता. मी बॅग भरली. अकरा महिने मी तिच्या बंकवर झोपलो. जहाजावर लोक मला प्लंबर म्हणत आणि मी ते कौतुक समजून मिरवत असे. परत आलो तोवर शाळेने तिची जागा दुसऱ्याला दिली होती आणि ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. केस कानापर्यंत कापलेले. मी म्हणालो, "छान दिसतंय." त्यानंतर तिने ते कधी वाढवले नाहीत.

माझ्या बायकोला संशय होता. तिने एकदा सरळ विचारले आणि मी मूग गिळून बसलो. ती गेली, आता तिला सांगता येणार नाही. बहिणीने हा विषय पुन्हा काढला नाही. माझ्या आजारपणात आली, डबे आणले, नळ्यांना ग्रीससुद्धा लावून दिले. चोराच्या मनात चांदणे. तिचा हात मानेवर गेला की मी दुसरीकडे बघायचो. तिचे जहाज गेले ते माझ्या (खोडले: चुकीमुळे) खोटेपणामुळे.

कलम ६. माझ्यामागे कोणी भाषणे करू नयेत. जहाजावरच्या मंडळींना कळवू नये. त्यांनी दिलेले सन्मानचिन्ह पितळेचे आहे असे त्यांचे म्हणणे होते, भंगारवाल्याचे मत घ्यावे.

पुरवणी. कलम ५ माझ्या मृत्यूनंतर सर्वांसमोर वाचावे असे मी आधी लिहिले होते. वकीलबाई मसुदा वाचून म्हणाल्या, "काका, मेल्यावर कबूल करणं सोयीचं असतं. उलट प्रश्न विचारायला कोणी येत नाही." वाक्य लागले, कारण खरे होते. म्हणून आज सकाळी बहिणीला बोलावून कागद तिच्या हातात दिले.

तिने ते उभ्यानेच वाचले. मग खुर्ची ओढून बसली आणि पाचवे कलम पुन्हा वाचले. "म्हणजे केस नव्हताच?" तिने विचारले. मी नव्हता म्हणालो.

"तेवीस वर्षं मला वाटत होतं, मीच रुमाल सैल बांधला."

मी माफी मागायला तोंड उघडले. तिने पेन माझ्यापुढे केले आणि त्या कलमाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "चूक नळीत झाली. ती कोणाचीही होते. माझ्याबाबतीत तू खोटं बोललास. तसं लिही." मी शब्द खोडला, नवा लिहिला आणि शेजारी सही केली.

दुसरे साक्षीदार म्हणून वकीलबाईंचे कारकून बाहेर बसले होते. बहीण म्हणाली की सही तीच करेल. वकीलबाईंनी तिला दोनदा समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सही केली तर चौथे कलम तिच्यापुरते रद्द होईल आणि कार्यशाळा घराबरोबर माझ्या मुलाकडे जाईल. तिने दोन्ही वेळा ऐकून घेतले आणि कागद स्वतःकडे ओढला.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

स्थळ: तळमजल्यावरची कार्यशाळा
दिनांक: ९ मार्च

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्याला आज पुन्हा तपासले, शुद्धीत आहेत. (सही)

साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र करणाऱ्याची धाकटी बहीण, पाणी प्रयोगशाळेतून निवृत्त. सर्व कलमे वाचली. यातले मला काही नको. कलम ५ खरे आहे, एवढ्याला मी साक्षीदार आहे. (सही)