गच्चीवरच्या खोलीतलं सामान

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचा भरभरून आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. भाऊजींची कंबर कशी आहे? दुखत असेल तर ओझी उचलू नका म्हणावं, आणि उचलायचीच असतील तर कण्हू नका म्हणावं. पोरांना पापा. झालं विचारून. आता कामाचं लिहिते, पेन धरून बसायची मला हौस नाही.

आमच्या गच्चीवरच्या खोलीच्या खिडकीपुढे घरमालकाने जाहिरातीचा बोर्ड ठोकला आहे. रस्त्यावरून बघितलं तर गादीची जाहिरात दिसते. एक बाई हातपाय पसरून झोपली आहे (एवढी ऐसपैस जागा मला या घरात बाळंतपणातसुद्धा मिळाली नाही). आतून बघितलं तर नुसता पत्रा. त्या खोलीत राहतात सासूबाई. त्यांना भर दुपारी दिवा लावून भाजी निवडावी लागते. घरमालकाला सांगायला गेले तर म्हणतो, ऊन अडलं ना, उपकार माना.

तेवढ्यात कळलं की नगरपालिकेच्या सभेत बोर्डांचे नियम ठरणार आहेत आणि लोकांनाही बोलू देणार आहेत. मी म्हटलं, मी जाते. हे घाबरले. कारण नकाशात ती खोली राहायची नाहीच, अडगळ ठेवायची आहे. मग यांनी मला दहादा पढवलं, आई राहते म्हणू नकोस, सामान आहे म्हण. सासूबाईंना घरीच ठेवायचं ठरलं होतं. पण मी चपला घालून खाली उतरते तर त्या आधीच पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या! माझ्या खिडकीचं बोलणं माझ्यामागे कसं होतं ते बघते, म्हणाल्या.

सभेत आधी भलताच विषय निघाला, एका घरात माणसं किती असावीत. एक सभासद म्हणे, जागा कमी आहे, उंच बांधा, दाटीवाटीने राहा. दुसरा म्हणे, गर्दी फार झाली, माणसं कमी करा. (दोघंही बंगल्यात राहतात, हे शेजारच्या बाकावरच्या न्हाव्याने सांगितलं. दोघांची दाढी तोच करतो.) बरंच गुऱ्हाळ चालल्यावर ठरलं, एका खोलीत दोनच माणसं. सासूबाई लगेच बोटांवर घरची माणसं मोजायला लागल्या. मी त्यांचा हात दाबून धरला.

मग आला बोर्डांचा विषय. नियम चांगला होता. राहत्या खोलीच्या खिडकीपुढे बोर्ड नको. मी उठले आणि उजेड नाही, वारा नाही, सगळं धडाधड सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, त्या खोलीत राहतं कोण?" मी पढवल्याप्रमाणे म्हटलं, "कोणी नाही साहेब. जुनं सामान आहे."

"जुनं सामान कोणाला म्हणतेस गं?"

पुढचं मला आवरता आलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि खोलीत आपण किती वर्षं राहतो, खाली आम्ही चौघं दोन खोल्यांत कसे निजतो, हे घोरतात म्हणून मी कुठे जाऊन पडते, सगळं सभेला ऐकवलं. लोक पोट धरून हसले. अध्यक्ष हसत नव्हते, लिहून घेत होते.

निकाल असा लागला. खोली नकाशात अडगळीची, म्हणून तिची खिडकी राहती नाही, म्हणून बोर्ड राहील. अडगळीच्या खोलीत माणूस सापडला, म्हणून माणूस हलेल. आणि खालच्या दोन खोल्यांत चौघं भरलेले, तिथे पाचवं चालणार नाही. सोमवारी नगरपालिकेचे लोक घरातली माणसं मोजायला येणार आहेत. म्हणजे गादीवरची बाई राहणार आणि आमची बाई जाणार.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं तर भिंतीकडे बघून म्हणतात, सामानाला कुठली भूक. हे म्हणाले, थोडे दिवस धाकट्याकडे जा. तर म्हणाल्या, मी कोणाच्या दारात गाठोडं म्हणून जाऊन पडायची नाही, रस्त्यावर बसेन.

बाकी सर्व ठीक.

तुझी जाऊबाई

ता. क. सासूबाईंना तुझ्याकडे ठेवून घे. किती दिवस ते विचारू नकोस, मला माहीत नाही.

ता. क. दुसरा. त्या रविवारच्या गाडीने निघताहेत आणि खुशीत आहेत. मी त्यांना सांगितलं, तू अंथरुणाला खिळली आहेस, घर उघड्यावर पडलं आहे आणि त्यांच्यावाचून कोणी निस्तरू शकत नाही. फोनवर हे सांगता येईना, त्या जवळच असतात. हे पत्र घेऊन येणाऱ्या आमच्या शेजारच्या शिंपिणीला चहा दे, भांडी घासू नकोस, आणि आडवी हो.